वणव्यावर जाणाऱ्या गटाला वॉकीटॉकी किती आणि कोणते

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका स्वयंसेवकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या परिसरात फेब्रुवारी ते मे या काळात वणवे लागतात, पाच गावांतील व पाड्यांवरील चाळीसेक तरुण ते विझवायला जातात, पण डोंगराच्या मागच्या अंगाला मोबाइलला रेंज नसल्यामुळे कोण कोठे आहे हे कोणालाच कळत नाही. अमेरिकेतील स्वयंसेवी अग्निशमन दले अख्ख्या जिल्ह्यात एकमेकांशी बिनतारी संचावरून बोलतात, असे त्यांनी व्हिडिओंत पाहिले आहे. गावकऱ्यांनी वर्गणी जमा केली आहे, ऑनलाइन दुकानांत पाच वॅटचे सेट स्वस्तात दिसत आहेत; तर असे चाळीस सेट घ्यावेत का, डोंगरावर रिपीटर (निरोप पकडून पुढे पाठवणारे यंत्र) बसवावा का, आणि डिजिटल घ्यावे की साधे, असे त्यांनी विचारले आहे.

मी अग्निशमन सेवेच्या बिनतारी विभागात नोकरी केली आहे, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारीचा, परवाना बाळगतो आणि निवृत्तीनंतर उन्हाळ्यात नाशिकभोवतालच्या डोंगरांवर अशा गटांसोबत जातो. त्या अनुभवावरून उत्तर आधीच देऊन टाकतो: चाळीस सेट घेऊ नयेत, सात-आठ पुरतील, रिपीटरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, आणि पाच वॅटच्या ज्या सेटवर आपली नजर गेली आहे तो विकत घेण्याआधी कायद्याची बाजू वाचावी. हे असे का, ते आता सविस्तर लिहितो. काही गोष्टी आपल्या गटाच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, म्हणजे वन विभाग आपल्याला किती सामावून घेतो, आपल्यात परवानाधारक कोणी आहे का, वणवे नेमके कोणत्या उतारावर लागतात. तेथे मी तसे स्पष्ट म्हणेन.

आपण प्रश्न ‘रेंज कशी वाढवावी’ असा मांडला आहे. माझ्या मते खरा प्रश्न ‘कोणाचे बोलणे कोठपर्यंत पोहोचण्याची गरज आहे’ हा आहे. चाळीस माणसांच्या हाती एकाच चॅनेलवरचे चाळीस सेट दिले, तर पहिल्या दहा मिनिटांत कोणालाच काही ऐकू येणार नाही, कारण साध्या बिनतारी चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबले की ऐकणाऱ्याला एकतर नुसती शिट्टी ऐकू येते किंवा जवळच्याचा आवाज दूरच्याला झाकून टाकतो, आणि बोलणाऱ्या दोघांनाही आपला निरोप बुडाला हे कळत नाही. मोठ्या प्रदेशात काम करणारी दले ही अडचण सेटची ताकद वाढवून सोडवत नाहीत. ती बोलण्याची विभागणी करून सोडवतात.

अमेरिकेचे उदाहरण आपण घेतले आहे, तर तेथे नेमके काय चालते ते पाहू. त्या देशातील अग्निशामकांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्वयंसेवक आहेत. दिवसभर ते शेतावर, दुकानात किंवा नोकरीवर असतात. आगीची खबर, जिला आपल्याकडे वर्दी म्हणतात, ती तेथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नियंत्रण कक्षात येते. कक्षातून त्या गावाच्या दलासाठी ठरलेले दोन सूर प्रक्षेपित होतात, पहिला सुमारे एक सेकंद आणि दुसरा सुमारे तीन सेकंद. ते ओळखून स्वयंसेवकाच्या कमरेचा पेजर जागा होतो आणि त्यामागून येणारा निरोप ऐकवतो. इतर गावांचे पेजर गप्प राहतात. बंब निघाला, पोहोचला, आणखी मदत हवी, एवढेच मोजके बोलणे नियंत्रण कक्षाच्या चॅनेलवर होते, आणि हा चॅनेल डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरमुळे जिल्हाभर ऐकू जातो. आगीच्या जागी पोहोचल्यावर मात्र माणसे वेगळ्या चॅनेलवर जातात. तो बहुधा रिपीटरविना, सेट ते सेट असा थेट असतो. त्याची हाक फार दूर जात नाही आणि ती जाऊ नये अशीच अपेक्षा असते. दोन्ही चॅनेल ऐकणारा माणूस एकच, घटनास्थळाचा प्रमुख.

तिसरा थर शेजारच्या दलांशी बोलण्याचा. त्यासाठी देशभर काही सामाईक फ्रिक्वेन्सी राखून ठेवल्या आहेत, १५४.२८० मेगाहर्ट्झ ही त्यांतली जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली. मदतीला आलेल्या परक्या दलाच्या सेटमध्ये ती आधीच भरलेली असते. ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. १९७० साली कॅलिफोर्नियात १३ दिवसांत वणव्यांनी १६ माणसांचा बळी घेतला आणि सुमारे ७०० इमारती जाळल्या. तेव्हा मदतीला आलेल्या दलांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या, पदांची नावे वेगळी आणि आज्ञा देण्याची रीतही वेगळी होती. त्यानंतर जी घटना नियंत्रण पद्धत आखली गेली तिचेच रूप आज आपल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. जर्मनीत स्वयंसेवक अग्निशामकांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे आणि तेथे पोलीस, अग्निशमन व रुग्णसेवा या सर्वांसाठी ३८० ते ४०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात एकच देशव्यापी डिजिटल जाळे आहे; परंतु आगीच्या जागेवरचे बोलणे तेथेही बहुधा सेट ते सेट असेच ठेवले जाते.

एवढे मोठे जाळे हाताशी असताना ही माणसे जवळचे बोलणे थेट का ठेवतात? घळीत उतरलेल्या किंवा इमारतीच्या तळघरात शिरलेल्या माणसाचा सेट वीस किलोमीटरवरच्या रिपीटरपर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते, परंतु दोनशे मीटरवरच्या जोडीदारापर्यंत तो जवळजवळ नेहमी पोहोचतो. ज्या बोलण्यावर जीव अवलंबून आहे ते सर्वांत आखूड आणि सर्वांत भरवशाच्या वाटेने जावे, हा त्यामागचा विचार आहे.

आता रेंजविषयी. अतिउच्च वारंवारितेच्या लहरी, म्हणजे आपण वापरणार आहोत त्या १५० किंवा ४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. सपाट जमिनीवर क्षितिज किती दूर आहे हे काढायचे सूत्र सोपे आहे: अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणावे, उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही टोकांचे आकडे मिळवावेत. दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर भरते, म्हणजे दोन माणसांमध्ये फार तर १०. भोवतालच्या जमिनीपेक्षा ४०० मीटर उंच डोंगरावर एक अँटेना नेली, की तिचे एकटीचे क्षितिज ८२ किलोमीटरवर जाते. सेटची ताकद अर्ध्या वॅटवरून पाच वॅटवर नेली, तर मोकळ्या हवेत अंतर तीन-सव्वातीन पटीने वाढते, झाडीत त्याहून बरेच कमी, आणि मध्ये डोंगर असेल तर फरक जवळजवळ पडत नाही. दुकानदार ‘दहा किलोमीटर रेंज’ म्हणतो तेव्हा तो समुद्रावरच्या दोन होड्यांविषयी बोलत असतो, असे समजावे.

नाशिक जिल्ह्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सातमाळा रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या दक्षिणेला दिंडोरी, निफाड आणि नाशिक शहर हे गोदावरीचे खोरे, उत्तरेला कळवण, देवळा, सटाणा, मालेगाव हे गिरणेचे. पेठ आणि सुरगाण्याचे पाणी तर घाटाखाली पश्चिमेला समुद्राकडे जाते. पाणी जेथे वेगळे होते तेथे बिनतारी लहरही बहुधा अडते, हा माझा काम करताना पडताळलेला ठोकताळा आहे. त्यामुळे पूर्ण जिल्ह्यात एका मनोऱ्यावरून बोलता येईल अशी जागाच नाही. ज्यांना तसे बोलायचे आहे त्यांना प्रत्येक खोऱ्यासाठी किमान एक रिपीटर आणि त्यांना जोडणारी साखळी लागते. आपल्याला मात्र मालेगावशी बोलायचे नाही. आपल्याला अंजनेरीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला, आणि फार तर पायथ्याच्या गावाशी बोलायचे आहे. आपला प्रदेश आठ-दहा किलोमीटरचा आहे, पण तो उभा आहे, आणि अडचण त्या उभेपणाची आहे.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने तेच पुन्हा बोलतो. आपल्याच आवाजाने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून त्याला डुप्लेक्सर नावाची गाळणी लागते, चोवीस तास वीज लागते, पावसाळ्यात आकाशातल्या विजेपासून संरक्षण लागते, आणि वर्षातून एकदा तरी जाणकाराने तेथे चढून जावे लागते. शिवाय अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे; तेथील कड्यांवर गिधाडे घरटी करतात आणि जगात अन्यत्र क्वचितच आढळणाऱ्या कंदीलपुष्पाची एक जात तेथे उगवते. अशा जागी मनोरा उभारण्याची परवानगी गावाच्या वर्गणीतून चालणाऱ्या गटाला मिळणे कठीण आहे, आणि मला विचाराल तर ती मिळू नये.

कायद्याची बाजू अशी आहे. भारतात बिनतारी संच वापरण्यासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परवानगी लागते. संस्थेला स्वतःची फ्रिक्वेन्सी हवी असेल तर ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो, आणि उंच मनोऱ्यासाठी जागेची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. याला एक उपयोगी अपवाद आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अर्ध्या वॅटपर्यंतचे सेट परवान्याविना वापरता येतात, मात्र त्या मॉडेलला उपकरण मान्यता, म्हणजे बाजारात ज्याला ईटीए म्हणतात ती, मिळालेली असली पाहिजे. आपण पाहिलेले पाच वॅटचे सेट बहुधा १३६ ते १७४ आणि ४०० पासून पुढच्या साऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतात. त्यांचे बटण चुकीच्या ठिकाणी दाबले तर आपण पोलिसांच्या किंवा आणखी कोणाच्या कामात आवाज मिसळतो, आणि ‘आम्ही वणवा विझवत होतो’ हा त्यावर बचाव होत नाही. अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक नियम काढले ते याच कारणाने. विकत घेताना फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि मान्यतेचा क्रमांक लेखी मागावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान पाहावे.

हॅम परवान्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. तो चांगला आहे, पण त्याची मर्यादा लक्षात घ्यावी. हा परवाना परीक्षा देऊन व्यक्तीला मिळतो. परवाना नसलेल्या मित्राच्या हाती सेट देऊन ‘तू बोल’ म्हणता येत नाही, आणि संस्थेचे रोजचे काम त्यावर चालवता येत नाही. मोठ्या आपत्तीत मात्र हॅमचा आधार किती असतो ते १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २००१ च्या भूज भूकंपात दिसले. आपल्या चाळिसांपैकी दोघा-तिघांनी परीक्षा द्यावी, एवढेच मी म्हणेन. आणखी काही नाही तरी बोलण्याची शिस्त त्यांच्या अंगी येते.

तिसरा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो आणि तो आपल्या हातात पूर्णपणे नाही. वन विभागाकडे स्वतःची बिनतारी यंत्रणा असते. आपली गावे संयुक्त वन व्यवस्थापन समितीत असतील तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विनंती करावी की, वणव्याच्या काळात आपल्या गटाच्या एका माणसाजवळ विभागाचा सेट असावा किंवा वनरक्षक आपल्या गटासोबत राहावा. म्हणजे बाहेरचे बोलणे विभागाच्या फ्रिक्वेन्सीवर, विभागाच्या अधिकारात होईल, आणि आतले बोलणे आपल्या अर्ध्या वॅटच्या सेटवर. वर सांगितलेली थरांची विभागणी ती हीच. याला आणखी एक कारण आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून दिसलेल्या आगीच्या सूचना वन विभागाकडे पाठवते. त्यांतील एका संवेदकाचा चौकोन ३७५ मीटरचा असतो, म्हणजे आग कोणत्या उतारावर आहे हे बरेचसे कळते. ती सूचना आपल्याला थेट कळली तर चढायला कोठून सुरुवात करायची याचा अर्धा तास वाचतो.

आता अर्ध्या वॅटच्या सेटने अंजनेरीसारखा उभा मुलूख कसा सांभाळायचा, यावर येतो. अमेरिकेतील वणवा विझवणाऱ्या तुकड्यांचे एक अनुभवी प्रमुख पॉल ग्लीसन यांनी १९९१ मध्ये चार गोष्टींचा नियम मांडला: टेहळणी, संपर्क, निसटण्याची वाट आणि सुरक्षित जागा. चारही ठरल्याशिवाय माणूस आगीजवळ नेऊ नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी एकाच माणसाकडे देतो. धारेवर, आगीपासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ज्याला दोन्ही उतार दिसतात असा एक टेहळ्या बसवावा. त्याला दोन्हीकडचे गट दिसतात, म्हणून त्याच्या सेटला ते ऐकूही येतात. एका घळीतल्या गटाचा निरोप तो दुसरीकडे पोहोचवतो आणि पायथ्याच्या गावालाही सांगतो. हा माणूस म्हणजेच आपला रिपीटर. त्याला मनोरा लागत नाही, परवाना लागत नाही, आणि यंत्राच्या रिपीटरला जे जमत नाही ते तो करतो: वारा फिरला, आग खालून वर चढू लागली, हे तो न विचारता सांगतो. दुपारी उतारावर वर वाहणाऱ्या वाऱ्याने वाळल्या गवतातली आग माणसाच्या चालीपेक्षा वेगाने चढते, आणि घळीत फांदीने आग झोडपणाऱ्याला ती धुरामुळे दिसत नाही. म्हणून या जागेवर नवा पोरगा बसवू नये. गटातला सर्वांत जाणता, शांत बोलणारा आणि आता भराभर चढणे ज्याच्या गुडघ्यांना मानवत नाही असा माणूस पहाटेच वर पाठवून द्यावा.

या हिशेबाने सेट किती लागतात ते पाहा. प्रत्येकी आठ-दहा जणांच्या चार गटांच्या प्रमुखांना एकेक, टेहळ्याला एक, पाणी आणि जेवण आणणाऱ्या गाडीला एक, पायथ्याला नावांची नोंद ठेवणाऱ्याला एक, आणि एक शिल्लक. गटातल्या बाकीच्यांनी प्रमुखाच्या हाकेच्या टप्प्यात राहावे; त्यांना सेटऐवजी शिट्टी द्यावी. हाकेच्या टप्प्याबाहेर गेलेला माणूस मुळात चुकीच्या जागी आहे आणि त्याच्या हाती सेट दिल्याने ती चूक फक्त लांबते. उरलेली वर्गणी जाड तळाच्या बुटांवर आणि हेडटॉर्चवर खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चॅनेल दोनच ठेवावेत. एकावर सर्व कामाचे बोलणे. दुसरा पायथा आणि गाडी यांच्यातल्या पाण्या-जेवणाच्या बोलण्यापुरता, कारण पाण्याच्या कॅनचा हिशेब आणि ‘मागे फिरा’ ही सूचना एकाच चॅनेलवर असता कामा नये. टेहळ्याने पहिला चॅनेल कधीही सोडू नये. सेटमध्ये चॅनेलबरोबर एक उपक्रमांकही भरता येतो. तो ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक बारीक सूर असतो आणि तो जुळला तरच समोरचा सेट तोंड उघडतो. विक्रेते त्याला गोपनीयतेची सोय म्हणतात, पण बोलणे त्याने झाकले जात नाही, फक्त इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. दोन सेट एकाच चॅनेलवर असूनही एकमेकांना ऐकत नाहीत अशी तक्रार आली, की मी आधी हा उपक्रमांक तपासतो. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. सर्व सेट एकाच माणसाने, एकाच दिवशी भरावेत आणि कळा कुलूपबंद कराव्यात.

बोलण्याची रीत लेखी ठरवावी आणि ती साध्या मराठीत असावी. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले: ‘टेहळणी, टेहळणी, गट दोन बोलतोय.’ बटण दाबून एक सेकंद थांबावे, मगच तोंड उघडावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तुटक आवाजात ‘येऊ नका’चे ‘या’ असे काहीतरी होऊन बसते. म्हणूनच नकारार्थी आज्ञा टाळाव्यात: ‘पुढे जाऊ नका’ याऐवजी ‘थांबा’, ‘खाली उतरू नका’ याऐवजी ‘वरच राहा’. निरोप मिळाला म्हणजे ‘ओके’ म्हणून भागत नाही, मिळालेला निरोप आपल्या शब्दांत परत म्हणावा. दहा-चार, दहा-वीस अशा सांकेतिक आकड्यांचे अनेकांना आकर्षण असते. अमेरिकेत परस्परांच्या मदतीला जाणाऱ्या दलांना २००६ पासून ते सोडून साध्या भाषेत बोलणे भाग पडले, कारण एकाच आकड्याचा अर्थ शेजारच्या दोन दलांत वेगळा निघत असे. जिवाला धोका असेल तेव्हा कोणता शब्द वापरायचा तो एकच ठरवावा आणि चेष्टेतसुद्धा अन्यत्र वापरू नये. मी ‘धोका’ तीनदा असे सुचवतो. तो ऐकला की बाकी सर्वांनी गप्प व्हावे, टेहळ्यानेच उत्तर द्यावे. दर अर्ध्या तासाने टेहळ्याने गटवार हजेरी घ्यावी. प्रमुखाने डोकी मोजून आकडा सांगावा, ‘सगळे आहेत’ असे उत्तर स्वीकारू नये.

जागांच्या नावांचा घोळ मात्र सेटने सुटत नाही. एकाच पठाराला वरच्या पाड्यावर एक नाव असते, खालच्या गावात दुसरे, आणि वन विभागाच्या नकाशावर त्याला नुसता कंपार्टमेंट क्रमांक असतो. उन्हाळ्याआधी पाचही गावांतल्या गुराख्यांना आणि वनरक्षकाला एकत्र बसवून नकाशा काढावा, प्रत्येक घळ, टाके, जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी) आणि पायवाट यांना क्रमांक द्यावा, आणि त्याची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत प्रत्येक सेटसोबत ठेवावी. माझ्या पाहण्यात जितकी वेळ सेट बंद पडल्याने वाया गेली, त्याहून कितीतरी जास्त ‘तुम्ही नक्की कोठे आहात’ हे समजून घेण्यात गेली.

डिजिटल की साधे, हा आपला शेवटचा प्रश्न. डिजिटल सेट एका चॅनेलच्या जागेत दोन संभाषणे बसवू शकतात आणि रेंजच्या आत आवाज स्वच्छ देतात. परंतु रेंजच्या कडेला साध्या सेटचा आवाज खरखरत क्षीण होत जातो, त्यामुळे माणूस सावध होऊन चार पावले वर सरकतो. डिजिटल सेट मात्र एका क्षणी चांगला असतो आणि दुसऱ्या क्षणी मुका होतो. सुरुवातीच्या काळात करवत आणि पंपांच्या गोंगाटात डिजिटल आवाज अस्पष्ट होतो असाही अनुभव अनेक दलांना आला आणि म्हणून आगीच्या जागेसाठी त्यांनी साधे चॅनेल राखले. आपल्या कामाला साधेच घ्यावेत. आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे: ‘देशभर रेंज’ अशी जाहिरात असलेली सिमकार्डवर चालणारी वॉकीटॉकी म्हणजे बटण लावलेला मोबाइल फोनच आहे. नाशिक शहरात, मिरवणुकीच्या बंदोबस्ताला ती उत्तम चालते. जेथे मोबाइलला रेंज नाही तेथे ती खिशातले ओझे होते.

वर्दी पोहोचवण्यासाठी आपल्याकडे पेजर नाहीत, आणि त्यांची आवश्यकताही नाही. गावात रेंज असते तेथे फोन आणि समूहावरचा निरोप चालतो, आणि पाड्यावर देवळाचा स्पीकर आहेच. एकच काळजी घ्यावी: गोळा होण्याची जागा आधीच ठरलेली असावी आणि तेथे नाव नोंदवल्याशिवाय कोणी थेट डोंगरावर जाऊ नये. नाव नोंदवलेले नसेल तर हजेरीत तो हरवला हेही कळत नाही.

आग डोंगरावरून वस्तीवर किंवा कारखान्यावर आली तर नगरपालिका, महानगरपालिका, एमआयडीसी, कदाचित लष्करी किंवा सरकारी कारखान्यांचे बंब येतील, आणि प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी असेल. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यात मुंढेगावजवळच्या कारखान्याला लागलेल्या आगीसारख्या प्रसंगी किती वेगवेगळ्या यंत्रणा एका जागी येतात ते जिल्ह्याने पाहिले आहे. अशा वेळी सर्व सेट एकमेकांना जोडण्याची यंत्रे असतात, पण सर्वांत खात्रीचा उपाय अजूनही तोच आहे: प्रत्येक दलाचा एक जबाबदार माणूस आपला सेट घेऊन एका ठरलेल्या जागी, घटनास्थळाच्या प्रमुखाशेजारी उभा राहतो आणि तोंडी बोलतो. आपल्या गटाचाही एक माणूस तेथे उभा करावा आणि बाकीच्यांनी त्याच्याखेरीज कोणाकडून आज्ञा घेऊ नये.

सेट हाती आल्यावर वापराच्या बारीकसारीक गोष्टी पुस्तिकेत मिळतील, म्हणून त्यांतल्या मोजक्याच सांगतो. सेट कमरेला लटकवून बोलू नये, तोंडासमोर उभा धरावा. अँटेनाला धरून उचलू नये. आवाज तुटला तर बटण जोरात दाबण्याऐवजी दोन-तीन पावले बाजूला सरकून पाहावे. बॅटरी बोलण्याने उतरते, ऐकण्याने फारशी नाही. बॅटरी किती तास चालेल याचा कंपनीचा आकडा बहुधा नव्वद टक्के वेळ सेट गप्प आहे असे धरून काढलेला असतो. टेहळ्याचा सेट तसा गप्प नसतो, म्हणून शिल्लक बॅटरी त्याच्याजवळ असावी.

फेब्रुवारीआधी एक रविवार चाचणीसाठी ठेवावा. टेहळ्याला धारेवर बसवून चारही गटांनी नकाशावरच्या प्रत्येक क्रमांकावर जाऊन हाक द्यावी, आणि पायथ्याच्या माणसाने स्पष्ट, तुटक किंवा काहीच नाही असे तीनच शेरे नकाशावर लिहावेत. अंजनेरीच्या कड्यांखाली दोन-तीन जागा अशा निघतीलच की जेथून टेहळ्याला काही ऐकू येत नाही. बसण्याची जागा शंभर-दोनशे मीटर बदलून त्यांतल्या काही सुटतात. ज्या सुटत नाहीत त्यांवर नकाशात लाल खूण करावी, आणि त्या घळीत गट उतरवायचा झाल्यास शिल्लक ठेवलेला आठवा सेट घेऊन एक माणूस घळीच्या तोंडाशी, जेथून टेहळ्या आणि गट दोन्ही ऐकू येतात अशा ठिकाणी, उभा करावा. तसा माणूस मिळत नसेल तर त्या घळीतली आग वरच्या जाळरेषेवर येईपर्यंत थांबावे.